बेदाण्याचे सौदे, किडलेल्या दाढा आणि साखरविरहित च्युइंग गम

बेदाणे_सांगली (प्रश्न)

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत पेढीवर मी गेली सतरा वर्षे बेदाण्याची प्रत पाहण्याचे काम करतो. सौद्याच्या दिवशी बोली लागण्यापूर्वी प्रत्येक मालाचा नमुना हातात घ्यावा लागतो. रंग, जाडी आणि राहून गेलेली काडी डोळ्यांना कळते, ओल बोटांना कळते. आंबूसपणा आणि गोडी मात्र जिभेवर ठेवल्याशिवाय कळत नाही. दिवसाकाठी किती वेळा बेदाणा तोंडात जातो हे मी कधी मोजले नव्हते. गेल्या आठवड्यात मोजले, तेव्हा सकाळी साडेनऊपासून दुपारी दीडपर्यंत चौतीस वेळा, दर वेळी दोन-तीन मणी, असा हिशेब निघाला. डाव्या बाजूच्या खालच्या शेवटच्या दोन दाढांच्या फटीत गर अडकून बसतो आणि तो मी, सांगायला संकोच वाटतो, वजनाच्या पावतीचा कोपरा दुमडून काढत असतो.

माझे वय ४३ आहे. मागच्या महिन्यात दाढ ठणकू लागली म्हणून दंतवैद्यांकडे गेलो, तर एक नव्हे, तीन ठिकाणी कीड निघाली आणि त्यांपैकी दोन हिरडीच्या कडेला, मुळाजवळ आहेत. त्यांनी दाढा भरायची तारीख दिली आणि जाता जाता सांगितले की सौदे संपल्यावर वीस मिनिटे साखर नसलेले च्युइंग गम चघळत जा. दवाखान्यात गर्दी असल्यामुळे कारण विचारायचे राहून गेले.

माझ्या शंका अशा आहेत. गोड खाऊन दात किडले, आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा गोडच चघळायचे, हे कसे? त्यामुळे तोंडातील जीवाणू मरतात, कमी होतात, की केवळ वास झाकला जातो? मरत असतील तर त्यांच्यासोबत उपयोगी जीवाणूही मरतात का? यामागे खरोखर अभ्यास आहे, की पाकिटावरची जाहिरात आहे? आणखी एक गोष्ट विचारून ठेवतो. माझ्या पत्नीला सातवा महिना चालू आहे. आईच्या तोंडातील कीड बाळाच्या तोंडात जाते असे माझ्या मेहुणीने कुठेतरी वाचले आहे. त्यात कितपत तथ्य आहे?

दंतवैद्य_मिरज

आपण मोजणी केलीत हे फार चांगले झाले, कारण आपल्या आजाराचे निदान त्या चौतीस या आकड्यातच आहे.

रॉबर्ट स्टीफन नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९४० च्या दशकात दातांवरील थराचा, म्हणजे ज्याला आम्ही प्लाक म्हणतो त्याचा, सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका खाली तितके आम्ल अधिक) मोजला. साखरेच्या पाण्याने चूळ भरताच तो काही मिनिटांतच घसरतो, ५.५ च्याही खाली जातो आणि पूर्वपदावर यायला त्याला अर्धा तास ते तासभर लागतो. जीवाणूंनी साखरेपासून तयार केलेले लॅक्टिक आम्ल त्या वेळात दातातील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळवत असते. नंतर लाळ त्या आम्लाचा जोर मोडते आणि गेलेले खनिज थोडे थोडे परत बसू लागते. दिवसातून तीन-चार वेळा खाणाऱ्या माणसाच्या तोंडात ही झीज आणि भर कशीबशी बरोबरीत सुटते. आपण चार तासांत चौतीस वेळा, म्हणजे दर सात मिनिटांनी बेदाणा चाखता. साडेनऊला खाली गेलेला सामू दीड वाजेपर्यंत वर येण्याची उसंतच त्याला मिळत नाही.

मुळाजवळच्या किडीचे कारणही हेच आहे. ५.५ ही मर्यादा दाताच्या वरच्या कठीण आवरणाची, म्हणजे एनॅमलची आहे. चाळिशीनंतर हिरडी थोडी खाली सरकली की मुळाचा जो भाग उघडा पडतो त्यावर हे आवरण नसते, आणि तो ६.२ च्या आसपासच विरघळू लागतो. एनॅमलला जे सोसते ते मुळाला सोसत नाही.

आता गमविषयी. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या तोंडात मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर लाळ येते. चघळणे आणि चव या दोहोंमुळे पहिल्या एक-दोन मिनिटांत ती दहापटीपर्यंत वाढते, आणि गमची चव गेल्यानंतरही दुप्पट-तिप्पट राहते. लाळेचे नुसते प्रमाणच वाढते असे नाही. ती जितकी वेगाने येते तितके तिच्यातील बायकार्बोनेट वाढते आणि तेच आम्ल मारते. म्हणून माझ्या मते या उपायात मुख्य काम गमचे नसून लाळेचे आहे, गम ही फक्त लाळ आणण्याची युक्ती. ते साखरविरहित असले पाहिजे, नाहीतर एका हाताने आम्ल धुवायचे आणि दुसऱ्या हाताने नव्याने तयार करायचे असे होईल. गोड चव आणि साखर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या जिभेला गोड लागणारी प्रत्येक वस्तू जीवाणूला खाता येतेच असे नाही.

आपल्यासाठी व्यावहारिक सूचना अशी, की सौद्याच्या मधल्या वेळात गम चघळू नका, पुदिन्याच्या चवीने जीभ बधिरली तर आपले कामच बसेल. चहाची पारख करणारे लोक जसा घोट फिरवून थुंकून टाकतात तसा बेदाणा चावून, चव घेऊन थुंकता आला तर पाहा, आणि दर चार-पाच नमुन्यांनंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. सौदे संपल्यावर चूळ आणि मग वीस मिनिटे गम. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने दात घासणे याला पर्याय नाही. आणि पावतीचा कोपरा कृपया सोडा. दोन दाढांच्या मधली हिरडी त्याने आणखी सोलवटते.

एक गोष्ट स्पष्ट करतो, की पडलेला खड्डा गमने भरत नाही. दिलेल्या तारखेला जाऊन दाढा भरून घ्या.

सूक्ष्मदर्शक_सातारा

डॉक्टरांनी लाळेविषयी लिहिलेच आहे. जीवाणूंचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही, आणि तो माझ्या विषयाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी साताऱ्यात पदवीच्या वर्गांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते.

माणसाच्या तोंडात आजवर ७०० हून अधिक प्रकारचे जीवाणू नोंदले गेले आहेत. त्यांपैकी किडीच्या बाबतीत ज्याचे नाव सर्वाधिक घेतले जाते तो स्ट्रेप्टोकोकस म्युटान्स, ज्याचे वर्णन १९२४ मध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून मिळवून केले. तो आम्ल करतो एवढ्यानेच घातक ठरत नाही. त्याच्यासारखे आम्ल करणारे इतरही आहेत. परंतु आपण केलेल्या आम्लात तो स्वतः तग धरतो आणि इतर मागे पडतात. शिवाय सुक्रोजपासून, म्हणजे आपल्या रोजच्या साखरेपासून, तो ग्लुकान नावाचा चिकट पदार्थ विणतो आणि त्याच्या आधाराने दाताला घट्ट धरून राहतो. येथे आपल्या बेदाण्याविषयी थोडे. बेदाण्याच्या वजनाचा निम्म्याहून बराच अधिक भाग साखरेचा असला, तरी ती प्रामुख्याने ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आहे, सुक्रोज त्यात नाममात्र. त्यामुळे बेदाण्यापासून आम्ल भरपूर होते, पण ग्लुकानची वीण त्यातून होत नाही. ती सामग्री सौद्याच्या मधल्या चहातील साखर पुरवते. असे दोन-तीन कप होत असतील तर तेही त्या चौतिसांत मिळवा.

आता गम चघळल्याने जीवाणू मरतात का? मरत नाहीत. निदान साखरविरहित गममुळे मरतात असे म्हणण्यासारखे काही नाही. मात्र तीन वेगळ्या गोष्टी घडतात आणि त्या एकमेकींत मिसळल्यामुळे जाहिरातवाल्यांचे फावते.

पहिली गोष्ट म्हणजे काही जीवाणू गममध्ये चिकटून बाहेर जातात. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथील संशोधकांनी २०१५ मध्ये चघळलेल्या गममधील जीवाणू मोजले, तेव्हा एका तुकड्यात सुमारे १० कोटी जीवाणू अडकलेले आढळले. हा आकडा वर्तमानपत्रांना फार आवडला. पण साध्या एक मिलिलिटर लाळेतही साधारण १० कोटी जीवाणू असतात, आणि आपण दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ गिळतो, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहा. गमच्या तुकड्यात अडकलेले जीवाणू म्हणजे लाळेचा एक छोटा घोटही नव्हे. त्याच अभ्यासात असेही दिसले की सर्वाधिक जीवाणू पहिल्या अर्ध्या मिनिटातच अडकतात आणि पुढे चघळत राहिल्यास गम मऊ होऊन त्यांतील काही परत सुटतात.

दुसरी गोष्ट लाळेची. दरवर्षी मी विद्यार्थ्यांकडून एक प्रात्यक्षिक करून घेते. पाच मिनिटे मान खाली घालून, काही न चघळता, तोंडात येईल ती लाळ आकडे छापलेल्या परीक्षानळीत सोडायची. बहुतेकांची नळी दोन मिलिलिटरच्या आत राहते आणि ती लाळ दाट, तारा सुटणारी असते. मग गम देऊन पुन्हा पाच मिनिटे. या वेळी आठ-दहा मिलिलिटर पाण्यासारखी पातळ लाळ जमते, आणि सामू दाखवणारी पट्टी तिच्यात बुडवली की पहिल्या नळीतील पिवळट पोपटी रंगाच्या जागी स्वच्छ हिरवा रंग येतो. मुले हसतात, नाके मुरडतात, पण तो रंग विसरत नाहीत. जीवाणूंची संख्या तीच असली तरी त्यांच्या भोवतालची हवा बदलते, आणि आम्लात सुखी असणाऱ्याला ती मानवत नाही.

तिसरी गोष्ट गमच्या गोडीची, आणि येथे सगळी साखरविरहित गम सारखी नाहीत. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गममध्ये सॉर्बिटॉल हा गोड पदार्थ अधिक असतो. म्युटान्सला ते खाता येते, पण इतके सावकाश की सामू फारसा खाली जात नाही. झायलिटॉल या दुसऱ्या गोड पदार्थाचे तसे नाही. त्याच्या रेणूत कार्बनचे पाच अणू असतात. म्युटान्स ज्या वाटेने फ्रुक्टोज आत ओढतो त्याच वाटेने झायलिटॉललाही आत घेतो, घेताना त्यावर फॉस्फेट चढवतो, आणि मग त्याचे पुढे काहीच करता येत नाही. साठवून ठेवावे तर ते बाधते, म्हणून फॉस्फेट काढून बाहेर टाकावे लागते. आपल्याला यार्डातील उदाहरण पटेल. गाडीतून पेटी उतरवायची, तिच्यावर शिक्का मारायचा, उघडल्यावर ती रिकामी निघायची, मग शिक्का खोडून पुन्हा गाडीत भरायची, आणि हमाली मात्र दोन्ही वेळेची द्यायची. असा धंदा करणारी पेढी किती दिवस टिकेल? म्युटान्सची वाढ खुंटते ती अशी.

तरीही तो संपत नाही. काही आठवड्यांत झायलिटॉल आत न घेणारे म्युटान्सचे प्रकार तगून राहतात. त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे ते दाताला कमी चिकटतात आणि लाळेत सहज सुटतात, असे काही अभ्यासांत दिसले आहे. यामुळेच प्लाकमधील म्युटान्स घटलेले दिसतात तेव्हा लाळेतील मोजणी घटलेली दिसेलच असे नाही. आम्ही प्रयोगशाळेत म्युटान्स वाढवण्यासाठी जे पोषक माध्यम वापरतो त्यावर या जीवाणूच्या वसाहती घासलेल्या काचेसारख्या खडबडीत उगवतात. एकाच माणसाच्या तोंडातून दोन ठिकाणचे नमुने घेतले तरी त्यांची गणती जुळत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

उपयोगी जीवाणूंविषयी आपण चिंता करू नये. तोंडातील कित्येक स्ट्रेप्टोकोकस लाळेतील आर्जिनिनपासून अमोनिया तयार करून आम्ल कमी करतात. जिभेवरील काही जीवाणू पालेभाजीतील नायट्रेटचे नायट्राइट करतात, जे पुढे रक्तवाहिन्यांच्या कामी येते. जंतुनाशक क्लोरहेक्सिडिनने चुळा भरल्या तर त्यात हे सारे भरडले जातात. झायलिटॉलचा मारा त्या मानाने फारच निवडक आहे.

जाता जाता एक गंमत. झायलिटॉलचा शोध १८९१ चा. पूर्वी ते फिनलंडमध्ये बर्च झाडाच्या लाकडापासून काढत, आता मक्याच्या बुरकुंड्यांपासूनही काढतात. ज्या झायलानपासून ते मिळते ते उसाच्या चिपाडातही मुबलक असते. साखर कारखान्यांच्या आपल्या पट्ट्यात साखर बाजारात जाते आणि दात वाचवणाऱ्या गोडीचा कच्चा माल बॉयलरमध्ये जळतो.

चिकित्सक_विटा

मॅडमचे विवेचन उत्तम आहे, पण जीवाणूवर परिणाम दिसणे आणि माणसाचा दात वाचणे यांत अंतर आहे, आणि मूळ प्रश्नकर्त्याने अभ्यासाविषयीही विचारले आहे. म्हणून थोडा विरोधी सूर लावतो.

झायलिटॉलची कीर्ती मुख्यतः फिनलंडमधील तुर्कू येथील १९७२ ते १९७४ च्या प्रयोगावर उभी आहे. त्यात सुमारे सव्वाशे लोकांना दोन वर्षे साखर, फ्रुक्टोज किंवा झायलिटॉल घातलेले पदार्थ देण्यात आले, आणि झायलिटॉलच्या गटात नवी कीड साखरेच्या गटाच्या तुलनेत ८५ टक्क्यांहून अधिक घटलेली दिसली. पण तुलना कोणाशी झाली हे पाहा. साखर खाणाऱ्याशी तुलना केल्यावर साखर न खाणारा जिंकणारच. त्यात झायलिटॉलचा गुण किती आणि साखर वगळल्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही. अमेरिकेत ६९१ प्रौढांना जवळपास तीन वर्षे रोज ५ ग्रॅम झायलिटॉलच्या चघळण्याच्या गोळ्या दिल्या. २०१३ मध्ये निष्कर्ष आला तो असा, की कीड साधारण १० टक्के कमी दिसली, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा झायलिटॉल घातलेल्या फ्लोराइड पेस्टने मुलांमधील कीड १३ टक्क्यांनी घटल्याचा थोडाफार पुरावा तिला मिळाला. गम आणि गोळ्यांविषयी मात्र पुरावा अपुरा आहे असाच तिचा निर्वाळा होता.

तेव्हा महागडे झायलिटॉल शोधत हिंडण्यापेक्षा प्रश्नकर्त्याने चौतिसाचे दहा करावेत. गम न चघळताही ते होते.

दंतवैद्य_मिरज

चिकित्सक यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि तुर्कूविषयीचा त्यांचा आक्षेपही रास्त आहे. परंतु त्यांनी दिलेला अमेरिकी अभ्यास गोळ्यांचा होता, आणि तौलनिक गटातील लोकही दुसऱ्या गोडीच्या गोळ्या चघळत होते, म्हणजे लाळ दोन्ही गटांची सुटत होती. चघळण्याचा जो मोठा फायदा तो दोन्हीकडे मिळाला असेल, तर फरक दिसणार कसा? त्याच अभ्यासाच्या आकड्यांचे पुढे वेगळे विश्लेषण झाले तेव्हा मुळावरची कीड झायलिटॉलच्या गटात सुमारे ४० टक्के कमी आढळली होती, आणि प्रश्नकर्त्याची दोन ठिकाणे मुळावरचीच आहेत. गम चघळणे आणि काहीच न चघळणे अशी तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी घेतला, त्यात कीड सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळली. ते अभ्यास एकमेकांशी नीट जुळणारे नव्हते हेही त्यांनीच नोंदवले आहे, तेव्हा हा आकडा मी कोणत्याही रुग्णाला हमी म्हणून सांगणार नाही.

युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने जेवणानंतर किमान २० मिनिटे, दिवसातून तीनदा, २ ते ३ ग्रॅम साखरविरहित गम चघळण्याचा दावा मान्य केला आहे तो लाळेच्या आधारावर. गोडी कोणती, हा तेथे मुद्दा नाही. म्हणून माझे मत असे की साधे सॉर्बिटॉलचे गमही आपल्याला उपयोगी पडेल. झायलिटॉल मिळाले तर उत्तमच.

औषधी_वाई

माझे वाईला औषधांचे दुकान आहे, त्यामुळे संशोधनापेक्षा पाकिटाविषयीच लिहितो.

पाकिटाच्या दर्शनी भागावरील शब्दांवर जाऊ नका, उलटून मागची बारीक छपाई वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. नावाऐवजी क्रमांक असेल तर ४२० म्हणजे सॉर्बिटॉल, ४२१ मॅनिटॉल, ९६५ माल्टिटॉल आणि ९६७ म्हणजे झायलिटॉल. अनेक पाकिटांवर झायलिटॉलचे नाव पुढे मोठ्या अक्षरांत असते आणि मागे ९६७ शेवटून दुसरे. २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या आत झायलिटॉल घेणाऱ्यांच्या म्युटान्समध्ये लक्षणीय घट दिसली नव्हती, ती सात ग्रॅमच्या जवळपास दिसली. शेवटून दुसरा असलेला घटक दोन गोळ्यांतून तेवढा कुठून येणार?

फळांच्या चवीचे गम घेताना त्यात सायट्रिक आम्ल आहे का तेही पाहा. साखर नाही म्हणून घ्यायचे आणि आम्ल चघळायचे, यात अर्थ नाही.

पोटाचे भान ठेवा. सॉर्बिटॉल आतड्यात पूर्ण शोषले जात नाही आणि पाणी ओढून घेते, म्हणून जुलाब होऊ शकतात असा इशारा पाकिटावर छापलेला असतो; तो कोणी वाचत नाही. माझ्या सासऱ्यांनी तंबाखू सोडताना तोंडाला चाळा म्हणून दिवसाला अख्खी डबी संपवायला सुरुवात केली आणि आठवडाभर पोट बिघडल्याची तक्रार करत राहिले. मी दुकानदार असून मलाच सहा दिवस उलगडा झाला नाही. २००८ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतील दोन रुग्णांची हकिगत आली होती. गम आणि गोळ्यांमधून रोज सुमारे २० ग्रॅम किंवा अधिक सॉर्बिटॉल त्यांच्या पोटात जात होते, जुलाब थांबत नव्हते आणि एकीचे वजन ११ किलो तर दुसऱ्याचे २२ किलो घटले होते. गम बंद करताच दोघे बरे झाले. दिवसाला तीन-चार गोळ्यांनी असे काही होत नाही.

तंबाखू सोडण्यासाठी मिळणारे निकोटिनचे गम ही निराळी वस्तू आहे. ते दोन किंवा चार मिलिग्रॅम निकोटिनचे औषध आहे, दात स्वच्छ करण्यासाठी नाही. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या वयस्क बाया दुकानात येऊन ते दातांचे औषध म्हणून मागतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचे गम उंचावर ठेवा. माणसाला ते निर्धोक असले तरी कुत्र्याच्या शरीरात त्याने इन्सुलिन एकदम सुटते आणि रक्तातील साखर कोसळते. वजनाच्या दर किलोमागे ०.१ ग्रॅम एवढ्यानेही हे होऊ शकते, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅम पुरे. पाच वर्षांखालील मुलांना गम देऊ नये, घशात अडकते. जबड्याचा सांधा कटकटत असेल त्यांनीही दूर राहावे.

सूक्ष्मदर्शक_सातारा

बाळाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. आपल्या मेहुणीने वाचले त्यात तथ्य आहे. म्युटान्स जन्मतः बाळाच्या तोंडात नसतो. त्याला कठीण पृष्ठभाग लागतो, म्हणून दात येऊ लागल्यावर तो स्थिरावतो आणि बहुतेक वेळा तो आईकडूनच आलेला असतो: भाताचा घास आधी स्वतः चाखणे, खाली पडलेली चोखणी आपल्या तोंडात घालून पुसणे, एकाच चमच्याने भरवणे.

फिनलंडमध्येच, ज्यांच्या लाळेत म्युटान्स पुष्कळ होते अशा मातांवर एक प्रयोग झाला. बाळ तीन महिन्यांचे झाल्यापासून दोन वर्षांचे होईपर्यंत एका गटातील माता दिवसातून काही वेळा झायलिटॉलचे गम चघळत होत्या. दुसऱ्या दोन गटांतील मातांच्या दातांना ठरावीक महिन्यांनी क्लोरहेक्सिडिनचे किंवा फ्लोराइडचे वार्निश लावले जात होते. बाळांना काहीच दिले नव्हते. मुले दोन वर्षांची झाली तेव्हा गमच्या गटातील ९.७ टक्के मुलांच्या तोंडात म्युटान्स सापडला, क्लोरहेक्सिडिनच्या गटात २८.६ टक्के आणि फ्लोराइडच्या गटात ४८.५ टक्के. ज्यांनी गम कधी तोंडातही घातले नाही अशा मुलांमध्ये हा फरक पडला, म्हणून मला हा अभ्यास सर्वांत अधिक पटतो. चिकित्सक यांचा येथे काय आक्षेप आहे ते वाचायला आवडेल.

गरोदरपणात काही सुरू करण्यापूर्वी पत्नीच्या डॉक्टरांना विचारा. त्या अभ्यासातही गम बाळंतपणानंतर तीन महिन्यांनीच सुरू झाले होते, त्यामुळे घाई नाही. पत्नीचे किडलेले दात असतील तर ते भरून घेणे अधिक तातडीचे आहे.

चिकित्सक_विटा

मातांच्या अभ्यासावर माझा आक्षेप एवढाच, की एका लहान गावातील आकडे साऱ्या जगाला लावता येत नाहीत. अभ्यासाची रचना मात्र चांगली आहे, हे मान्य करतो.

बेदाणे_सांगली

सर्वांचे मनापासून आभार. काल सौदे होते, म्हणून आज लिहितो आहे.

कालपासून मी आधी डोळ्यांनी आणि बोटांनी माल पाहून जो उघडच उतरलेला आहे तो चाखायचा नाही असे ठरवले. त्यामुळे दुपारी दीडपर्यंत चाखणे अकरा वेळा झाले. थुंकण्यासाठी पेढीच्या दारात प्लॅस्टिकची बादली ठेवली आहे. हमालांनी दिवसभर थट्टा केली आणि एका शेतकऱ्याला माझे थुंकणे त्याच्या मालाचा अपमान वाटला, तेव्हा त्याला बसवून सारे समजावून सांगावे लागले. चहा बिनसाखरेचा घेतला, तो काही मला जमला नाही. दुसरा कप साखरेचाच झाला.

सांगलीत चार दुकाने फिरून गमची तीन वेगवेगळी पाकिटे आणली आणि औषधीसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे उलटून वाचली. दोनांवर ४२० सर्वांत आधी आणि ९६७ शेवटी आहे, एकावर ९६७ मुळीच नाही. त्यातल्या पुदिन्याच्या दोन गोळ्या दुपारी चुळा भरून वीस मिनिटे चघळल्या. दाढा भरण्याची वेळ गुरुवारची होती ती मी सौद्यांमुळे पुढे ढकलणार होतो, ती आता तशीच ठेवली आहे. मॅडम, पत्नीने आपला प्रतिसाद वाचला आणि बाळाच्या चमच्यांवर सुईने खूण करून ठेवायची असे आताच ठरवून टाकले आहे. बाळंतपणानंतर तिच्या डॉक्टरांनी परवानगी दिली तर ९६७ वर असलेले गम साताऱ्यात कुठे मिळेल ते कृपया कळवा, मी दर पंधरवड्याला वसुलीसाठी तिकडे येत असतो.